साधा एमआरआय की कॉन्ट्रास्टचा?

खानापूर-निपाणीकडून पोराच्या पायाची गाठ दाखवायला बेळगावात आलेली माणसं स्कॅन सेंटरच्या काउंटरवर हमखास अडतात: "साधाच केला तर चालत नाही काय ओ?" कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात गाठ उजळवणारं औषध; त्याच्या इंजेक्शनचा खर्च वेगळा पडतो, म्हणून प्रश्न रास्तच.

खरं तर पहिला मान एक्स-रेचा. गुडघ्याजवळचा ऑस्टिओकॉन्ड्रोमा (हाडावर वाढणारी, बहुधा निरुपद्रवी गाठ) बहुतेक वेळा तिथेच ओळखू येतो. त्याच्यावरची कूर्चेची टोपी मोजायला साधा एमआरआय पुरतो. मोठ्या माणसात ती 2 सेंटिमीटरहून जाड निघाली की कर्करोगाच्या शंकेने डॉक्टर सावध होतात. एवढ्यासाठी सरसकट इंजेक्शन मला तरी पटत नाही.

कॉन्ट्रास्टचं खरं काम पुटी (पाण्याने भरलेली पिशवी) की भरीव गाठ हे ठरवताना. साध्या स्कॅनच्या टी-2 नावाच्या चित्रात पाणी पांढरंशुभ्र दिसतं, पण कूर्चेची गाठही तशीच दिसू शकते. शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, गेलं की टी-1 नावाचं दुसरं चित्र काढतात, त्यात पाणी काळं दिसतं. तिथे साध्या पुटीची फक्त पातळ कड उजळते, आतलं पाणी काळंच राहतं. भरीव गाठ मात्र आतूनही उजळते.

रात्री ठणकणारा आणि वेदनाशामक गोळीने निवणारा ऑस्टिओइड ऑस्टिओमा (हाडातली छोटी, निरुपद्रवी गाठ) वेगळा. त्याचा इवलासा गाभा कॉन्ट्रास्ट देताच झटकन उजळतो, तरी तो नेमका पकडायला पातळ कापांचा सीटी बरा. किरणोत्सर्ग तेवढा सोसावा लागतो.

मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर इंजेक्शनआधीच सांगा. आणि जुने एक्स-रे सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.