झिरो-टर्न की स्टिअरिंगवाला? गवत कापायची गाडी घेण्याआधी

नागपुरात ‘लॉन’ म्हटलं की आधी लग्न आठवतं, गवत नंतर. काटोल रोडवरच्या आमच्या लग्नाच्या लॉनवर दोन एकर हरळी आहे आणि मधे कडुनिंब, आंबे, अशोक मिळून चाळीसेक झाडं. आधी आमच्याकडे स्टिअरिंगची गाडी होती, आता जागच्या जागी वळणारी झिरो-टर्न आहे. ‘कोणती घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, ‘चालवणार कोण?’

अर्धा एकरापर्यंत गवत असेल तर दोन्ही गाड्या विसरा. ढकलायचं मशीन आणि कडेसाठी ब्रश कटर (खांद्याला अडकवून गवत छाटायचं यंत्र), एवढ्यात काम होतं. वीस इंची मशीनने सपाट एकराला चालूनच अडीच-तीन तास जातात, म्हणून एकराच्या पुढेच बसून चालवायच्या गाडीचा विचार करा.

स्टिअरिंगवाली म्हणजे छोटा ट्रॅक्टर. पोटाखाली पाती, पायाशी ब्रेक, हातात चाक. स्कूटर-कार चालवणारा कोणीही पंधरा मिनिटांत ती चालवू लागतो. मागे ट्रॉली लावून शेणखत, कुंड्या, पाण्याचे कॅन ओढता येतात. फक्त झाडं आली की गंमत संपते. वळणाचा घेर मोठा, म्हणून प्रत्येक बुंध्याभोवती गवताचं कडं उरतं. ते काढायला मागे-पुढे करा, नाहीतर मागून ब्रश कटर घेऊन माणूस पाठवा. आमच्या चाळीस झाडांवर कापण्याइतकाच वेळ या कड्यांवर जायचा.

झिरो-टर्नला चाक नाही, दोन दांडे आहेत. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, ड्राइव्ह असते. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की पुढे, मागे ओढले की मागे. एक पुढे, एक मागे केला की गाडी जागेवर गिरकी घेते. पुढची छोटी चाकं ट्रॉली बॅगेसारखी नुसती फिरतात, दिशा देत नाहीत. अमेरिकेत कॅन्ससमध्ये १९६०च्या दशकात अशी दोन दांड्यांची गाडी निघाली. तिथल्या मोठ्या अंगणांत ती आता नेहमीची झाली आहे, आपल्याकडे मात्र अजून अप्रूप आहे.

सवय होणं हाच तिचा खरा खर्च. पहिल्या दिवशी आंबा समोर आला तेव्हा कारच्या सवयीने माझा पाय ब्रेक शोधू लागला. पायाखाली काहीच नव्हतं. घाबरून दोन्ही दांडे पोटाशी ओढले, तशी गाडी मागे उसळली आणि मी मेहंदीच्या कुंपणात. थांबायचं असेल तर दांडे हळूच मधे आणायचे, हे कळत होतं, पण हाताला सवय व्हायला मला चार दिवस लागले. आमच्या माळीकाकांना अर्धा तास पुरला. उतरताना म्हणाले, ‘साहेब, हे तं बैलजोडीच आहे ना जी. डावा कासरा ओढला का गाडी डावीकडे.’ ज्याने वखर धरलाय किंवा शेताच्या टोकाला एका बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवलाय, त्याचा हात इथे लवकर बसतो. कारवाल्याला आधी जुनं विसरावं लागतं.

शिकताना पाती बंद ठेवा आणि मोकळ्या जागी कासवगतीने चालवा. दांडे मुठीत आवळू नका, मनगट मांडीवर टेकवा. नाहीतर खड्डा लागला की अंग हलतं, अंगाबरोबर दांडे हलतात आणि गाडी घोड्यासारखी उड्या मारते. एक चाक थांबवून त्याच्याभोवती गिरकी घेण्याचा मोह तर सगळ्यांनाच होतो. थांबलेलं आतलं चाक एका जागी घासतं आणि हरळी मुळासकट सोलून काढतं. आमच्या कडुनिंबाखाली भाकरीएवढे तीन काळे गोल बरेच दिवस दिसत होते. वळताना दोन्ही चाकं थोडी तरी चालती ठेवा, किंवा मागे घेऊन तीन टप्प्यांत वळा.

आता आपली काळी माती. जुलै-ऑगस्टमध्ये गवत सगळ्यात जोरात वाढतं आणि तेव्हाच जमीन चिकट असते. वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती पायाला चिकटायची थांबल्याशिवाय, कोणतीच गाडी घालू नका. ओलं गवत पात्यांच्या कव्हरखाली गोळा होऊन बसतं आणि चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. पण उतारावर ओल असेल तर झिरो-टर्न जास्त दगा देते. तिची दिशा आणि ब्रेक दोन्ही मागच्या चाकांवरच असतात; ती घसरली की हातात काहीच उरत नाही. स्टिअरिंगवालीही घसरते, पण तिची पुढची चाकं निदान ऐकतात. नाल्याच्या, तळ्याच्या काठाला किंवा सेमिनरी हिल्ससारख्या चढउताराला झिरो-टर्न नको. उन्हाळ्यात भेगा पडल्या की तिची पुढची छोटी चाकं त्यांत अडकतात, तेही धरा.

शिकायला ऑक्टोबर बरा: पाऊस संपलेला असतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत लॉन रिकामं असतं. एकदा लग्नं सुरू झाली की वेगळाच त्रास. मंडपवाले सुतळी, खिळे, लाईटच्या वायरचे तुकडे टाकून जातात. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास फिरतं, त्यातून उडालेला खिळा म्हणजे छर्राच. गाडी काढण्याआधी काठीला लोहचुंबक बांधून फेरी मारा आणि जवळ पोरं असतील तर पाती सुरूच करू नका.

तेवढ्याच रुंदीची झिरो-टर्न सहसा महाग पडते. जमीन सपाट, झाडं बरीच आणि चालवणारा एकच पक्का माणूस असेल तर ती पैसे वसूल करते. आमचं काम जवळजवळ निम्म्या वेळात होतं. पण दर महिन्याला चालवणारा पोरगा बदलत असेल, ट्रॉली ओढायची असेल किंवा उतार असेल तर डोळे मिटून स्टिअरिंगवाली घ्या. कोणतीही घेतली तरी बेल्ट आणि पात्यांचा एक जादा सेट पावसाआधीच घरात असू द्या.

विक्रेत्याला शोरूमच्या फरशीवर डेमो देऊ नका म्हणा, गाडी तुमच्या जमिनीवर आणायला लावा. आणि सीटवर तुम्ही नाही, तुमचा माळी बसवा. आमच्याकडे नाल्याकडेचा वीस फुटी पट्टा माळीकाका आजही ढकलायच्या मशीननेच कापतात.