वृद्धाश्रम की तळमजल्याचं भाड्याचं घर?

धाकट्या भावाच्या मणक्याला मार लागला तेव्हा तो 26 वर्षांचा होता. आमचं घर सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डिस्चार्जच्या दिवशी चौघांनी व्हीलचेअरसकट उचलून वर नेला आणि तिथंच कळलं की हे रोजचं काम नाही. नाशिकमध्ये तरुण माणसासाठी म्हणून जागा शोधली, हाताला लागली नाही. शेवटी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमानं हो म्हटलं. तिथं तो अकरा महिने राहिला. आता दीड वर्ष इंदिरानगरला तळमजल्यावर भाड्यानं राहतोय. ज्यांच्यासमोर आज हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी दोन्हीकडचा अनुभव लिहितोय. तुमचा पेशंट वेगळा, घरची माणसं वेगळी, तेव्हा माझंच खरं असं समजू नका.

आधी वृद्धाश्रमाचं चांगलं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस यायचा, न चुकता. अकरा महिन्यांत एकही बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, झाला नाही, हे मी कधी विसरणार नाही. महिन्याला सोळा हजार, डायपर आणि औषधं वेगळी. आईला रात्रभर शांत झोप लागायला लागली. कर्मचारी मायेचे होते, पण त्यांची सगळी घडी आजी-आजोबांसाठी बसवलेली. जेवण साडेसहाला, मऊ भात नाहीतर खिचडी. भेटायला चार ते सहा. धाकट्याचे मित्र अंबडला कंपनीत, साडेपाचला सुटून पोहोचेपर्यंत फाटक बंद. पहिल्या महिन्यात ते रजा टाकून आले, नंतर फोनवरच आले.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. चालवून घेता आलं नाही ते साडेआठला बंद होणारे दिवे. एकदा औषध द्यायला मला उशीर झाला, पावणेनऊला पोहोचलो. वॉचमननं पाच मिनिटांसाठी सोडलं. खोलीत सहा खाटा, सगळा अंधार, आणि एका खाटेवर चादरीच्या आत उजेड. पोरगं चादर डोक्यावरून घेऊन मोबाइलवर टॅलीचा क्लास बघत होतं. क्लास रात्री नऊपर्यंत असायचा. मी हाक मारली तर म्हणाला, "दादा, हळू. आजोबा उठतील."

त्या आजोबांची काही चूक नव्हती. ऐंशीच्या माणसाला साडेआठला झोप हवीच. पण त्यांच्या झोपेच्या वेळी याचा दिवस संपवायचा, हे मला त्या रात्रीनंतर पटेना.

कायदाही त्याच्या बाजूनं आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क दिलाय आणि अमुकच ठिकाणी राहायची सक्ती होऊ नये यासाठी सरकारनं प्रयत्न करावेत असं म्हटलंय. ऑस्ट्रेलियात तर 65 वर्षांखालच्या कुणालाही वृद्धांच्या संस्थेत राहावं लागू नये म्हणून सरकारनं 1 जानेवारी 2025 ही मुदत ठरवली होती. म्हणजे ही गोष्ट आपल्या एकट्यापुरती नाही.

भाड्याचं घर मात्र सोपं नाही. टेप घेऊनच बघायला जा. आम्हाला आवडलेल्या पहिल्या दोन घरांत बाथरूमचं दार दोन फुटांचं, खुर्ची त्याहून रुंद. तिसऱ्या घराच्या मालकानं दार मोठं करू दिलं, खर्च आमचा. दाराशी सहा इंचांची पायरी होती, तिला सहा फूट लांब उतार करावा लागला. एका फुटाला बारा फूट हा हिशोब धरा, त्याहून उभा केला तर त्याला एकट्याला चढता येत नाही. भाडं आठ हजार, पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा दिवसाचा माणूस चौदा हजार, रात्री मी. जेवणखाण धरून खर्च वृद्धाश्रमाच्या जवळजवळ दुप्पट.

आणि माणूस दांडी मारतो. आमच्याकडचा पेठचा, फार गुणी मुलगा, पण पहिल्या पावसाळ्यात भाताच्या आवणीला गावी गेला तो बारा दिवस आलाच नाही. मी रजा काढली, तरी एका रात्री मला गाढ झोप लागली, कूस बदलायची राहिली. माकडहाडापाशी लाल चट्टा उठला. तो बरा व्हायला तीन आठवडे लागले. बेडसोअर टाळायची हवेची गादी, एअर बेड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

एवढं होऊनही मी भाड्याच्या घराकडेच झुकेन. टॅली पूर्ण झालं, दोन दुकानांचे हिशोब तो घरून करतो. मित्र रात्री दहाला येतात, मिसळ घेऊन. घरात रात्रीला कुणीच नसेल, तर मात्र वृद्धाश्रमाला लगेच नाही म्हणू नका. रात्री कूस कोण बदलतं, दिवे कधी जातात आणि मित्र किती वाजेपर्यंत चालतात, एवढं आधी विचारा. आणि घर घेतलंत तर दुसरा माणूस मे महिन्यातच बोलून ठेवा, आवणी सुरू झाल्यावर कुणी मिळत नाही.