ईस्ट मीऑन की अर्डिस्ली? एकच शनिवार मोकळा असेल तर कुठलं बाप्तिस्मा कुंड बघावं

इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चमध्ये मध्ययुगीन दगडी बाप्तिस्मा कुंडं ढिगानं आहेत, पण लंडन-रेडिंग पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना महिन्यातनं एखादा शनिवार मोकळा मिळतो आणि त्यात घरच्यांनाही सोबत ओढायचं असतं, त्यामुळे मी दोनच नावं घेते. हॅम्पशरमधलं ईस्ट मीऑन आणि पार वेल्सच्या सीमेजवळचं, हेरफर्डशरमधलं अर्डिस्ली. दोन्ही कुंडं ११५० च्या आसपासची. म्युझियममध्ये नाहीत, गावच्या चर्चमध्येच आहेत, काचेची पेटी वगैरे काही नाही, नाक दगडाला लागेल इतक्या जवळून बघता येतं.

वसईकडच्या कॅथलिक मंडळींना कुंड म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की तेव्हा बाळाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घ्यायचे, म्हणून ही कुंडं एवढी मोठी आणि खोल.

आता ईस्ट मीऑन. इथला दगड इंग्लंडचा नाहीच, बेल्जियममधल्या तूर्ने गावचा आहे. त्याला संगमरवर म्हणतात पण तो आहे गडद काळा चुनखडक, घासला की चकाकतो, तिथून नदीनं आणि मग समुद्रानं जहाजात घालून आणलेला. अशी तूर्नेची कुंडं सगळ्या इंग्लंडात मिळून मोजकीच टिकलीत आणि त्यातली चार एकट्या हॅम्पशरमध्ये. विंचेस्टरचा बिशप हेन्री ऑफ ब्लॉई, म्हणजे इंग्लंडच्या स्टीफन राजाचा सख्खा भाऊ, बक्कळ पैसेवाला आणि कलेचा शौकीन, ईस्ट मीऑनची जहागीरही विंचेस्टरच्या बिशपचीच, त्यामुळे हे कुंड त्यानंच दिलं असणार असं मानतात.

कुंड चौकोनी आहे, खाली खांब. दोन बाजूंवर आदम-हव्वेची अख्खी गोष्ट पट्टीसारखी कोरलीय. आदम घडतोय, त्याच्या कुशीतून हव्वा निघतेय, मग तो साप (साप कसला, चक्क ड्रॅगन वाटतो), मग देवदूत दोघांना स्वर्गातून हाकलतो आणि तो स्वर्गही बाग नाही तर कमानीबिमानींचा राजवाडा दाखवलाय. मला सगळ्यात आवडतं ते शेवटचं दृश्य. हाकलून दिल्यावर देवदूत आदमला फावडं कसं मारायचं ते शिकवतोय आणि शेजारी हव्वा सूत काततेय, म्हणजे शिक्षा झाली पण ट्रेनिंगही मिळालं! माणसांची डोकी अंगाच्या मानानं मोठी, थोडी बाळबोध. उरलेल्या दोन बाजूंना कोरलेल्या खांबांच्या वर पळणारी जनावरं आणि पक्षी. कोरीव काम उथळ आणि दगड काळा, त्यामुळे समोरून फार काही दिसत नाही, फोनचा टॉर्च बाजूनं तिरका धरा, मग आकृत्या उठून येतात.

अर्डिस्लीचं कुंड याच्या अगदी उलट. दगड स्थानिक वालुकाश्म, आकार मोठ्या पेल्यासारखा गोल, आणि कोरीव काम असं खोल की आकृत्या दगडातून बाहेर यायला धडपडतायत. हेरफर्डशर स्कूल म्हणून कारागिरांचा जो गट ओळखला जातो त्यांचं हे काम, हेरफर्डशरमधल्याच किलपेक गावच्या प्रसिद्ध चर्चवर ज्यांचा हात दिसतो तेच. एका बाजूला दोन योद्धे लढतायत, एकाकडे तलवार, दुसऱ्याकडे भाला, तो भाला समोरच्याच्या पायात घुसलाय, अंगावर चुण्याचुण्यांचे कपडे आणि भोवती दोरखंडासारख्या वेलींचा गुंता. आपल्याकडचे वीरगळ ज्यांनी बघितलेत त्यांना ही लढाई लगेच ओळखीची वाटेल. इथल्या बास्करव्हिल घराण्यातल्या एकानं सासऱ्याशी द्वंद्व केलं त्याचंच हे चित्र अशी कथा सांगतात, खरी असो नसो, ऐकायला मजा येते. पुढे सरकलं की येशू एका माणसाला त्याच गुंत्यातून, म्हणजे नरकातून, ओढून बाहेर काढतोय आणि त्याच्या मागे एक दांडगा सिंह. इथे गोष्ट सुरू कुठे होते आणि संपते कुठे ते कळत नाही, कुंडाभोवती फेऱ्या मारत राहायचं.

निव्वळ शिल्प म्हणून विचाराल तर अर्डिस्ली, त्यात मला शंका नाही. ईस्ट मीऑनचं काम सुबक आहे पण ते ऑर्डर देऊन मागवलेल्या मालासारखं सुबक, अर्डिस्लीच्या कारागिराच्या अंगात आलं होतं.

पण जायचं कसं तेही बघा. ईस्ट मीऑनला लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून पीटर्सफील्ड ट्रेननं साधारण तासाभराचं, पुढे पाचेक मैल टॅक्सी, बसच्या भरवशावर राहू नका. गावातून ओढा वाहतो, चर्च टेकडीच्या पायथ्याशी, पोरं बरोबर असतील तर ती खूश आणि संध्याकाळच्या आत घरी. शिवाय आदम-हव्वेची गोष्ट त्यांना कुंडाभोवती फिरवत सांगता येते. अर्डिस्लीला पॅडिंग्टनहून हेरफर्डच तीन तास, त्यापुढे गाडी हवीच. एका दिवसात करता येतं पण सगळा वेळ रस्त्यातच जातो आणि घरचे परत तुमच्याबरोबर यायचे नाहीत. म्हणून पोरं असतील आणि एकच दिवस असेल तर ईस्ट मीऑन, दोन दिवस आणि गाडी असेल तर डोळे झाकून अर्डिस्ली. मग किलपेकही त्यातच उरकतं, आणि येताना लेडबरीच्या बाजूनं आलात तर कासल फ्रूमलाही थांबा, तिथल्या कुंडावर येशूचा बाप्तिस्मा कोरलाय, तो गोल डबक्यात उभा आहे आणि पाण्यात चार मासे.

शनिवारी लग्नं असतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना, तेव्हा निघायच्या आधी चर्चच्या वेबसाइटवर वेळ बघून घ्या.