पीव्हीसीची पन्हळ: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचं घर बोरिवलीत, एक्सर गावठाणात. बैठं, मंगलोरी कौलांचं. रस्त्याकडची वळचण तीस फूट लांब, आणि तिला वर्षानुवर्षं जस्ताच्या पत्र्याची पन्हळ होती. खाडी जवळ, हवा खारी. दर उन्हाळ्यात डांबर फासायचं, भोकांना एम-सील लावायचं, तरी श्रावणापर्यंत भिंतीवर ओल उतरायचीच. 2025 च्या एप्रिलमध्ये पन्हळीत पिंपळाचं रोप दिसलं. उपटलं, तर मुळांना चिकटून गंजलेल्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा हातात आला. त्याच दिवशी पीव्हीसीची घ्यायचं ठरलं.

सहा इंची अर्धगोल पन्हळ, पाणी खाली नेणारा तीन इंची डाउनटेक पाइप आणि वरून पानं अडवायची जाळी असं सामान आणलं. मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, मृगाच्या आत देतो करून.’’ पण त्या वर्षी पाऊस 26 मे लाच मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या 1950 पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. अर्धी पन्हळ बसलेली, अर्धी वळचण ताडपत्रीखाली. उरलेलं काम दोन सरींच्या मधल्या उघडिपीत उरकलं, आणि पुढचा बहुतेक त्रास त्या घाईतूनच आला.

पहिली चूक क्लॅम्पची. दर दोन फुटांवर हवे होते, उरलेल्या अर्ध्या भागात ते तीन-तीन फुटांवर ठोकले गेले. जुलैत पाण्याच्या वजनाने पन्हळीला मध्येच पोट आलं आणि पाणी तिथेच साचू लागलं. पाऊस थांबल्यावर शिडी लावून पाहिलं, तर दोन बोटं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यूच्या डासांना असं साचलेलं स्वच्छ पाणीच लागतं, आठवड्याभरात डास तयार होतो. आम्ही अंगणातल्या कुंड्यांखालच्या बशा रोज रिकाम्या करत होतो आणि डोक्यावर ही पैदास चालली होती. मिस्त्रींना बोलावून मधले क्लॅम्प वाढवले, दोरी बांधून दहा फुटांना अर्धा इंच उतार धरला. तेव्हापासून पाणी थांबलेलं नाही. बसवून घेताना ही दोरी डोळ्यांसमोर बांधून घ्या. ‘नजरेने बरोबर आहे’ यावर विसंबू नका.

जाळीबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचंय. घरावर गुलमोहराची फांदी असेल तर जाळी अजिबात घेऊ नका. आंब्या-फणसाचं पान जाळीवर अडतं, वाळतं, वाऱ्याने उडून जातं. गुलमोहराची पानं तांदळाच्या दाण्याएवढी. ती जाळीच्या भोकांत बसतात आणि भिजली की लगदा होऊन चिकटतात. 18 ऑगस्टला मुसळधार पाऊस सुरू झाला, त्या संध्याकाळी पाणी पन्हळीत उतरेचना. जाळीवरून घसरून थेट ओट्यावर धो धो पडत होतं, थोडं मागे वळून वाशांच्या टोकांना लागत होतं. सासूबाईंनी आतूनच ओळखलं. म्हणाल्या, ‘‘पाइपाचा आवाज बंद झालाय गं.’’ खरंच, एरवी एवढ्या पावसात पाइप घुमतो.

आमच्या छपराच्या त्या उताराचं क्षेत्र सुमारे 23 चौरस मीटर आहे. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला तर त्यावरून तासाला 2300 लिटर पाणी येतं, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप जेमतेम पाच मिनिटांत भरेल. तीन इंची पाइप एवढं पाणी आरामात नेतो, पण तोंड मोकळं असेल तरच. दुसऱ्या दिवशी जाळी काढून टाकली आणि पाइपाच्या तोंडाशी तारेची फुग्यासारखी टोपी बसवली. आता पावसाळ्यात दर रविवारी शिडी, हातमोजे आणि जुनं डबडं. वीस मिनिटांचं काम आहे.

सांध्यांचं दुखणं ऑक्टोबरमध्ये कळलं. पीव्हीसी उन्हात वाढतं. तीस फुटांत गार पहाट आणि तापलेली दुपार यांत दीडेक सेंटीमीटरचा फरक पडतो. आमचे सगळे सांधे सोल्युशनने पक्के चिकटवलेले, त्यामुळे एक सांधा तडकला आणि परतीच्या पावसात तिथून धार लागली. आता मधल्या एका ठिकाणी रबराचा सांधा घातलाय, त्यात पन्हळीला सरकायला जागा आहे. तिथून पुन्हा थेंब पडलेला नाही.

गंज नाही, डांबर नाही, आणि भिंत पहिल्यांदाच कोरडी राहिली, यासाठी मी ही पन्हळ पुन्हा घेईन. पत्र्याची पुन्हा लावणार नाही. फक्त बसवणारा माणूस कौलांवर कसा चढतो तेही बघा. आमच्याकडे चार कौलं पायाखाली फुटली. त्यातल्या एकाच्या पोटावर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा छाप होता. त्या मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला होता, त्यांच्याकडची ही कौलं अजून टणटणीत वाजतात. तसलं कौल आता कुठून आणणार? फळी आडवी टाकून तिच्यावरून चाला म्हटलं असतं तर ते वाचलं असतं.

आता मागच्या वळचणीलाही हीच पन्हळ लावायची आहे. शाकारणीवाल्यांना आणि मिस्त्रींना एकाच आठवड्यात बोलावलंय, एप्रिलच्या शेवटी. फळी घरात आणून ठेवली आहे.