एक्सआरएफमधलं मॅट्रिक्स करेक्शन: आठ महिने वापरल्यावर

एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरण मारून नमुन्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणं, आणि मॅट्रिक्स करेक्शन म्हणजे नमुन्यातल्या बाकीच्या मूलद्रव्यांमुळे त्या मोजणीत पडणारा फरक दुरुस्त करणं. सह्याद्रीतला बेसाल्ट आणि कोकणातला जांभा, दोन्ही आठ महिने सतत चालवलेत, म्हणून आता खात्रीने लिहितेय. मेजर ऑक्साइडसाठी (मोठ्या प्रमाणात असलेल्यांसाठी) बोरेट काचेची बीड, म्हणजे पावडर वितळवून ओतलेली चकती, आणि लाचान्स-ट्रेलचे (1966) अल्फा गुणांक, म्हणजे एक मूलद्रव्य दुसऱ्याच्या मोजणीवर किती परिणाम करतं ते सांगणारे आकडे. ट्रेससाठी (अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी) दाबलेली पेलेट, म्हणजे पावडरची वडी, आणि ऱ्होडियम ट्यूबच्या कॉम्प्टन शिखराशी (ट्यूबच्या नमुन्यावरून विखुरलेल्या क्ष-किरणांशी) गुणोत्तर, अशी आमची पद्धत.

बेसाल्टवर ही पद्धत अगदी चोख चालते. हवाईच्या बेसाल्टचं प्रमाणित स्टँडर्ड बीएचव्हीओ-2 मी दर बॅचमध्ये अनोळखी नमुना म्हणून घालते. लोह (Fe₂O₃) 12.3 टक्के, स्ट्रॉन्शियम 389 पीपीएम या प्रमाणित आकड्यांच्या आसपास उत्तर येतं, आणि तेवढ्याने पुढच्या नमुन्यांवर विश्वास बसतो.

जांभ्यात मात्र क्रोमियम फुगून येत होतं. पेलेट पुन्हा दाबल्या, ट्यूबवर संशय घेतला, तरी तेच. कारण लोहाच्या के-कडेत होतं, म्हणजे 7.11 केईव्हीवर (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट); या ऊर्जेच्या वरचे क्ष-किरण लोह जोरात शोषतं. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियमच्या रेषा (त्यांचे स्वतःचे ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण) या कडेच्या वर आहेत. लोह त्यांना जितकं शोषतं, साधारण त्याच प्रमाणात कॉम्प्टनलाही शोषतं, त्यामुळे गुणोत्तर टिकतं. क्रोमियमची रेषा 5.41 वर, कडेच्या खाली. तिला लोह तितकं अडवत नाही, उलट लोहाची 6.40 ची रेषा क्रोमियमला जास्तीचं उद्दीपित करते. अशा रेषेला आपण दबलेल्या कॉम्प्टनने भागतो, मग आकडा चढणारच! आता क्रोमियम आणि व्हॅनेडियमसाठी लोहाचा वेगळा गुणांक लावते, शिवाय व्हॅनेडियममधून त्याच्यावर येऊन पडणारी टायटॅनियमची के-बीटा रेषा वजा करावी लागते, ती विसरू नका. कॅलिब्रेशनमध्ये लोहाने भरलेली स्टँडर्ड्स नसतील, तर जांभ्याचे आकडे छापू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून झाली. पावडर न भाजताच बीड ओतली, एलओआयचा (भाजल्यावर घटणाऱ्या वजनाचा) रकाना शून्य ठेवला, आणि ‘बेरीज 100 करा’वर खूण होती. निकाल सुरेख दिसला. आठवड्याने मफल फर्नेसमधला एलओआय आला, 13 टक्के. तो शेजारी मांडला, तर बेरीज 113! लोह, ॲल्युमिना, सगळंच सातव्या हिश्शाने जास्त धरलं गेलं होतं. ती खूण तेव्हापासून काढलेलीच आहे. एलओआय धरून बेरीज 99 ते 101 च्या बाहेर गेली की बीड पुन्हा ओतते.