प्रसूतीनंतर घेतलेले तिमाही इंजेक्शन : एका वर्षाचा अनुभव

धाकट्याच्या जन्मानंतर सहा आठवडे झाल्यावर मी जवळच्या आरोग्य केंद्रात ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतले. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन), सरकारी केंद्रात मोफत, आणि त्यात इस्ट्रोजेन नसल्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालणारे. रोजची गोळी लक्षात ठेवावी लागत नाही, ही रात्रभर जागणाऱ्या बाईसाठी फार मोठी सोय आहे.

मात्र चार इंजेक्शनांत माझे वजन ५४ वरून ६१ किलो झाले, तेही डिंकाचे लाडू केव्हाच बंद केलेले असताना. त्याहून जड गेले ते मन: दुधाचे पातेले उतू गेले तरी रडू कोसळे आणि बाळ झोपले तरी मला झोप येत नसे. बाळंतपणानंतरचे नैराश्यही असेच असते, म्हणून सारा दोष मी औषधावर ठेवणार नाही. परंतु वजनवाढ आणि मनःस्थितीतील बदल हे त्याचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत आणि सुई टोचण्यापूर्वी त्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही, ही माझी खरी तक्रार आहे. गोळी थांबवता येते, टोचलेले औषध तीन महिने काढून घेता येत नाही.

पाचवे इंजेक्शन न घेता मी डॉक्टरांच्या सल्ल्याने तांबी बसवून घेतली, जिच्यात संप्रेरके नसतात. लवकरच पुन्हा मूल हवे असणाऱ्यांनी हेही विचारून घ्यावे, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.