रोज सायकलने जायचंय, पण कोणत्या वाटेने?

घरापासून कामाच्या किंवा शिकण्याच्या ठिकाणी जायला सहसा एकाहून जास्त वाटा असतात. एक म्हणजे सरळ जाणारा, वाहनांनी भरलेला मुख्य रस्ता. कधी त्याच रस्त्याच्या कडेला सायकलसाठी रंगाने आखलेला पट्टा असतो. काही ठिकाणी कठडा किंवा दुभाजक घालून पूर्ण वेगळा काढलेला ट्रॅक मिळतो. आणि चौथी वाट आतल्या गल्ल्यांमधून वळणं घेत जाणारी. मोबाइलवरचा नकाशा अंतर आणि मिनिटं दाखवतो, आणि आपण बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वाट धरतो. माझं मत आधीच मांडलेलं बरं: अंतर सगळ्यात शेवटी बघा. आधी गाड्यांचा वेग, मग चौक, मग कडेला उभ्या असलेल्या गाड्या. या तीन गोष्टी ज्या वाटेवर बऱ्या, ती वाट दहा मिनिटं लांबची असली तरी तीच घ्या.

मुख्य रस्ता

याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. डांबर सहसा बरं असतं, दिवे असतात, रात्रीही माणसांची ये-जा असते, आणि बारीक फाटे येऊन मिळतात तिथे थांबायचं असतं ते त्या फाट्यावरच्यांनी. वेळ कमी लागतो हे तर आहेच.

पण वेगाचं गणित कठोर आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी ६० ने येऊ लागली की ती ऊर्जा चौपट होते. शिवाय चालकाला दिसणं, कळणं आणि ब्रेक लागणं यात जाणारं अंतरही वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेवरच्या मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा मागितली गेली, विशेषतः जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे.

यातून रोजच्या निर्णयासाठी एक उपयोगाची गोष्ट निघते. मुख्य रस्ता दिवसभर सारखा नसतो. गर्दीच्या वेळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात तेव्हा तो त्रासदायक असतो, धूर खावा लागतो, पण त्या वेगात जीव जाण्याची शक्यता कमी. तोच रस्ता पहाटे किंवा रात्री मोकळा झाला की गाड्या सुसाट सुटतात. "सकाळी लवकर निघालं की रस्ता रिकामा मिळतो" हे खरं आहे, पण रिकामा म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका.

दुसरा धोका अवजड वाहनांचा. ट्रक किंवा बस आपल्या कडेच्या बाजूला वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतून, कोपरा कापत जातात. आपण कडेला उभे असलो तर नेमके त्या कापल्या जाणाऱ्या जागेत असतो, आणि उंच केबिनमधल्या चालकाला तिथलं काहीच दिसत नाही. लंडनने याच कारणासाठी १२ टनांवरच्या ट्रकना चालकाला थेट किती दिसतं यावरून तारे द्यायला सुरुवात केली. २०२१ पासून परवान्याशिवाय असे ट्रक शहरात चालवता येत नाहीत आणि २०२४ मध्ये ती अट आणखी कडक झाली. तुमच्या शहरात असा नियम असो वा नसो, सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या कडेने पुढे सरकू नका. त्याच्या मागे थांबा. चार सेकंद जातील.

मुख्य रस्त्यानेच जावं लागत असेल तर अगदी कडेला चिकटून चालवू नका. गटाराची झाकणं, खडी, खड्डे सगळं तिथेच असतं. शिवाय कडेला चिकटलेला सायकलवाला दिसला की मागच्याला वाटतं, आपली गाडी सहज बसेल. कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ रेषेत चालवलं तर मागच्याला नीट ओव्हरटेक करावं लागतं.

रंगाने आखलेला पट्टा

चारांपैकी याच वाटेबद्दल लोकांची सर्वात जास्त फसगत होते. पट्टा दिसला की आपल्याला हक्काची जागा मिळाली असं वाटतं. मेलबर्नमध्ये सायकलींना मापक यंत्रं लावून गाड्या किती जवळून जातात ते मोजलं गेलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १८ हजारांहून जास्त वेळा गाड्यांनी सायकलींना ओलांडल्याची नोंद त्यात आहे. ज्या रस्त्यांवर रंगाचा पट्टा होता आणि शेजारी गाड्या उभ्या होत्या, तिथे चालत्या गाड्या सरासरी ४० सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. तुलना होती ती पट्टाही नाही आणि उभ्या गाड्याही नाहीत अशा रस्त्यांशी. कारण समजण्यासारखं आहे. चालक आपल्या लेनची रेषा पाळतो, रेषेपलीकडे सायकल आहे म्हणजे आपलं काम झालं असं त्याला वाटतं, आणि बाजूला सरकायची गरज भासत नाही.

आणि पट्टा पार्किंगच्या कडेने आखलेला असेल तर दुसऱ्या अंगाला दारांचा धोका. मोटारीचं दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर जागा खातं. म्हणजे पट्ट्याचा बराचसा भाग दाराच्या टप्प्यात. दार चुकवायला वळावं तर चालती गाडी तिथेच खेटून. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून असं सुचवलं आहे की दार उघडताना दाराजवळच्या नाही तर लांबच्या हाताने उघडावं. त्याने खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारं दिसतं. सवय उत्तम आहे, घरच्या सगळ्यांना लावा. पण दुसऱ्याच्या सवयीवर आपला रोजचा प्रवास सोपवणं बरं नव्हे.

तरी पट्टा अगदीच निकामी असं म्हणणार नाही. कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हर शहरांत ६९० जखमी सायकलस्वारांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत मला फार आवडते. प्रत्येकाच्या अपघाताची जागा आणि त्याच फेरीतली दुसरी एखादी जागा ताडून पाहिली, म्हणजे माणूस तोच, सायकल तीच, दिवसही तोच, बदलला तो फक्त रस्ता. तुलनेसाठी आधार धरला होता तो कडेला पार्किंग असलेला आणि सायकलसाठी काहीही सोय नसलेला मुख्य रस्ता. कडेला गाड्या उभ्या नसतील तर पट्ट्यावर धोका त्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. म्हणजे पट्टा बघताना शेजारी पार्किंग आहे का, हे आधी बघा. असेल तर त्या पट्ट्याचा मोह सोडा.

वेगळा काढलेला ट्रॅक

त्याच अभ्यासात कठड्याने वेगळ्या केलेल्या ट्रॅकवर धोका सुमारे एक नवमांश निघाला. माँट्रियलमधल्या ट्रॅकवर झालेल्या २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात आकडा इतका मोठा नव्हता. तिथे शेजारच्या तशाच रस्त्यांपेक्षा जखमी होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळलं. दोन अभ्यासांत एवढा फरक का, याचं एक उत्तर चौकांमध्ये असू शकतं.

ट्रॅक आपल्याला मागून येणाऱ्या गाड्यांपासून वाचवतो. पण चौकात तो संपतो किंवा रस्ता ओलांडतो, आणि वळणाऱ्या गाडीच्या चालकाला तोवर आपण दिसलेलेच नसतो, कारण मध्ये झाडं, उभ्या गाड्या, जाहिरातीचे फलक. कोपनहेगनमध्ये ट्रॅक बांधण्याआधीची आणि नंतरची नोंद तपासली तेव्हा सायकलींची वाहतूक तर वाढली, पण अपघातही वाढले, आणि ती वाढ मुख्यतः चौकांमधली होती. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सायकल-शहराची ही गोष्ट आहे. तिथे त्यावरून शिकून चौकांची रचना बदलत गेली, हे महत्त्वाचं.

म्हणून ट्रॅक निवडताना चौकात जाऊन उभे राहा. ट्रॅक रस्ता ओलांडतो ती जागा मुख्य रस्त्यापासून थोडी आत सरकवलेली आहे का? नेदरलँड्समधल्या अभ्यासात असं सरकवणं दोन ते पाच मीटर असेल तर टकरी कमी होतात असं दिसलं, कारण वळून झालेली गाडी सरळ होते आणि चालकाला सायकल समोर दिसते. ट्रॅक दुतर्फा आहे का? असेल तर जास्त जपून. फिनलंडमध्ये दिसून आलं की मुख्य रस्त्याला वळून मिळू पाहणारे चालक गाड्या ज्या बाजूने येतात तिकडेच बघतात. उलट बाजूने येणारी सायकल त्यांच्या नजरेतच येत नाही. दुतर्फा ट्रॅकवर उलट दिशेने जाताना प्रत्येक फाट्यावर वेग कमी करा, चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ट्रॅक सलग आहे का, हेही तितकंच मोठं. दोनशे मीटर ट्रॅक, मग अचानक पूल, मग पुन्हा ट्रॅक, हे घातक असतं. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने २००६ नंतरच्या मोजक्या वर्षांत तुकडे न करता जोडलेलं ट्रॅकचं जाळं उभारलं, आणि जिथे सायकल जवळपास दिसत नव्हती तिथे ती रोजच्या वापरात आली. जाळं जोडलेलं असणं यातच त्याचं यश होतं.

आतल्या गल्ल्या

कॅनडाच्या त्याच अभ्यासात निवांत वस्तीतल्या रस्त्यांवर धोका सुमारे निम्मा. म्हणजे ट्रॅक नसेल तेव्हा ही वाट सरळसरळ चांगली. गाड्या कमी, वेग कमी, आणि चुकलं तर सावरायला जागा.

तीन गोष्टी मात्र तपासा. गल्ली मुख्य रस्ता कुठे ओलांडते? तिथे सिग्नल नसेल तर सगळी शांतता त्या एका ओलांडण्यात वाया जाते. गल्लीतून मुख्य रस्त्याची गर्दी चुकवणाऱ्या गाड्या घुसतात का? घुसत असतील तर ती गल्ली निवांत राहिलेली नाही. आणि रात्री ती कशी असते? अंधारी, सुनसान गल्ली अपघाताच्या दृष्टीने बरी असली तरी एकट्या बाईला किंवा मुलीला ती नको वाटू शकते, आणि ती भीती पूर्णपणे रास्त आहे. जायची वाट एक आणि यायची दुसरी ठेवायला काहीच हरकत नाही.

खड्ड्यांकडे लक्ष द्या. मोटारीशी काहीही संबंध नसताना, घसरून किंवा अडखळून पडणारे सायकलस्वार फार असतात. नेदरलँड्समध्ये गंभीर जखमी होणाऱ्या सायकलस्वारांपैकी बहुतेक असे असतात. कॅनडाच्या अभ्यासात रस्त्यातल्या रुळांनी धोका सुमारे तिप्पट वाढवला. रूळ ओलांडायचे तर काटकोनात ओलांडा.

फूटपाथ हा पाचवा पर्याय मी धरलेला नाही. तो पायी चालणाऱ्यांचा आहे, आणि प्रत्येक फाटकापाशी बाहेर येणाऱ्या गाडीला फूटपाथवरची सायकल अनपेक्षित असते. लहान मूल सोबत असेल तेव्हा उतरून हातात सायकल धरून चाला.

मग कोणी काय निवडावं

मूल, वयस्कर माणूस, नव्याने शिकलेला: ट्रॅक असेल तर ट्रॅक, नाहीतर गल्ल्या. या दोन्ही नसतील तर मुख्य रस्त्यावर त्यांना पाठवू नये असं माझं ठाम मत आहे. सराईत स्वाराने गर्दीच्या वेळी मुख्य रस्ता घेतला तर समजण्यासारखं आहे, पण गाड्या ताशी ५० च्या पुढे जात असतील तेव्हा सराव फारसा कामी येत नाही. पार्किंगशेजारचा पट्टा आणि गल्ली यांत निवड असेल तर सगळ्यांनीच गल्ली घ्यावी.

हेल्मेट घाला. २०१६ च्या मोठ्या आढाव्यात हेल्मेटने डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते असं आढळलं. पण हेल्मेट धडक टाळत नाही. सायकलवाल्याच्या मृत्यूनंतर "हेल्मेट होतं का?" हा पहिला प्रश्न विचारला जातो, याचा मला राग येतो. रस्ता कसा होता, गाडी किती वेगात होती, हे आधी विचारलं पाहिजे.

कारण चांगली वाट नसेल तर निवडीला अर्थच उरत नाही. नेदरलँड्सही जन्मतः सायकलींचा देश नव्हता. १९७१ साली तिथे रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली, आणि पुढे १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीला बळ दिलं. ट्रॅक त्यातून आले.

तुमच्या वाटेवरही मागणी करावी लागेल. ती करताना "हा रस्ता धोकादायक आहे" एवढंच लिहून देऊ नका. कोणता चौक, किती वाजता, कोणत्या दिशेने वळणारी वाहनं, कशाने दृष्टी अडते, हे लिहा आणि सोबत फोटो द्या. रंगाचा पट्टा मागू नका, तो सगळ्यात स्वस्त म्हणून पहिला दिला जातो आणि मग काम झालं असं समजलं जातं. वेगमर्यादा ३० मागा, वळणाच्या कोपऱ्यावर बाहेर काढलेला कठडा मागा म्हणजे गाडीला हळू वळावं लागेल, चौकाच्या आधीचं पार्किंग काढायला सांगा म्हणजे चालकाला ट्रॅक दिसेल. शेजारच्या शाळेतल्या पालकांची सही त्या अर्जावर घ्या. तिथून सायकलने जाऊ शकणारी बहुतेक मुलं त्यांचीच असतात.